मराठी ग्रंथांचे अंकीकरण
मराठी ग्रंथांचे अंकीकरण : हस्तलिखित वा मुद्रित मराठी मजकूर संगणकात साठविता, शोधता आणि दूरच्या वाचकापर्यंत पोहोचविता येईल अशा अंकरूपात आणण्याची प्रक्रिया. ह्या प्रक्रियेमुळे ग्रंथनिर्मिती, ग्रंथालये, शालेय शिक्षण आणि प्रत्यक्ष वाचनाची रीत ह्यांत विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मोठे फेरबदल झाले. त्यांचा इतिहास बऱ्याच अंशी पुणे शहराशी निगडित आहे. कारण मराठी अक्षर संगणकावर आणणाऱ्या संस्था, पाठ्यपुस्तके तयार करणारे मंडळ आणि जुन्या ग्रंथांचे मोठे संग्रह एकाच शहरात एकवटलेले आहेत. अंकीकरण म्हणजे पुस्तकांची छायाचित्रे काढणे, अशी सामान्य समजूत आढळते. ती अपुरी आहे. चित्ररूप पृष्ठ डोळ्यांनी वाचता येते, परंतु संगणकाच्या दृष्टीने त्यात एकही अक्षर नसते. मराठी ग्रंथांपैकी कोणते आज वाचकाच्या हाती लागतात आणि कोणते लागत नाहीत, हे बव्हंशी ह्या भेदावर ठरले आहे.

मराठीच्या लिपीने यंत्राला प्रथमपासून अडचणीत टाकले. विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूर येथे देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी शिळाप्रेसवर १८३१ साली पंचांग काढले, तर जावजी दादाजी चौधरी ह्यांच्या निर्णयसागर छापखान्याने (१८६९) सुबक खिळ्यांचा आदर्श घालून दिला. शिळाप्रेसवर लेखकूचे हस्ताक्षर जसेच्या तसे उमटत असल्यामुळे खिळ्यांचा प्रश्न उद्भवत नसे. खिळे वापरावयाचे, तर जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या व रफार ह्यांसाठी काही शेकडा घरांची पेटी लागे आणि ती तोंडपाठ असलेला जुळारी लागे. शिळाप्रेसवरील चित्र आणि खिळ्यांनी जुळवलेला मजकूर ह्यांतील हा फरक दीडशे वर्षांनी संगणकाच्या संदर्भात जवळजवळ त्याच स्वरूपात पुन्हा उभा राहिला.

भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे पद्धतशीर संशोधन १९८० नंतरच्या दशकात कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत झाले. तेथे विकसित झालेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्यास आले. १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या आवारात प्रगत संगणन विकास केंद्र (सी-डॅक) स्थापन झाले. ‘परम’ महासंगणकामुळे हे केंद्र प्रसिद्धीस आले. पण सामान्य मराठी वाचकाच्या दृष्टीने जिस्टचे महत्त्व त्याहून अधिक मानावे लागेल. इंग्रजी संगणकात बसविता येणाऱ्या जिस्ट पट्टामुळे देवनागरी व इतर भारतीय लिप्या पडद्यावर दिसू लागल्या. भारतीय लिप्यांतील समान वर्णांना समान संकेतांक देण्याच्या कल्पनेवर ‘इस्की’ ही संकेतप्रणाली आधारलेली होती, भारतीय मानक संस्थेने तिला १९९१ मध्ये मानकाचा (आय. एस. १३१९४) दर्जा दिला. तिच्या १९८८ च्या आवृत्तीवरूनच जागतिक युनिकोड प्रणालीतील देवनागरीची मांडणी घेण्यात आली (१९९१). अशा प्रणालीत संगणक अक्षराचे चित्र साठवीत नाही, तर वर्णाचा क्रमांक साठवितो. ‘क्ष’ कसा दिसावा हे पुढे टंक (फाँट) ठरवितो.

छपाईच्या व्यवसायाने मात्र ही वाट धरली नाही. त्याच सुमारास डी. टी. पी.चे तंत्र आले आणि पुण्यामुंबईतील खिळ्यांचे छापखाने थोड्याच वर्षांत बंद पडू लागले. मुद्रकाला कागदावर देखणे अक्षर हवे होते. संकेतांकांच्या शुद्धतेशी त्याला कर्तव्य नव्हते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक कंपनीची श्रीलिपी, तसेच आकृती व सी-डॅकचे स्वतःचे टंक ह्यांनी ही गरज उत्तम प्रकारे भागविली. ह्या टंकांत रोमन अक्षरांच्या २५६ जागांवर देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविलेले असत. कोणत्या जागी कोणता तुकडा ठेवावा हे प्रत्येक कंपनी आपल्यापुरते ठरवी. परिणामी एका टंकात जुळवलेला मजकूर तो टंक नसलेल्या संगणकावर उघडला, की रोमन अक्षरे व चिन्हे ह्यांची निरर्थक ओळ दिसे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी सर्वसामान्य संगणकावर उपलब्ध झाली. परंतु पुस्तकांची पाने ज्यावर मांडली जात त्या पेजमेकर आज्ञावलीत तिची सोय नव्हती, त्यामुळे पुस्तकव्यवसाय त्यानंतरही दीर्घकाळ जुन्याच टंकांवर चालला. म्हणून एक विचित्र परिस्थिती उद्भवली. साधारण १९९० ते २०१० ह्या काळातील असंख्य मराठी पुस्तके पहिल्या अक्षरापासून संगणकावरच जुळविली गेली. तथापि त्यांच्या धारिका आज पुष्कळदा उघडत नाहीत, उघडल्या तर रूपांतर करावे लागते, आणि रूपांतरात जोडाक्षरे व ऱ्हस्वदीर्घ ह्यांचे घोटाळे होऊन मुद्रिते पुन्हा आरंभापासून तपासावी लागतात. अनेक प्रकाशकांना छापील प्रतीवरून पुस्तक नव्याने टंकित करून घेणे सोयीचे वाटले, ह्यातच ह्या काळाची उणीव स्पष्ट होते.

सर्वमान्य संकेतप्रणाली आल्यावरही मराठीचे काही प्रश्न सुटावयास वेळ लागला. ‘दर्या’ (समुद्र) आणि ‘दऱ्या’ (दरीचे अनेकवचन), ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ ह्या जोड्यांत अर्थभेद आहे, आणि तो केवळ रकाराच्या रूपावर अवलंबून आहे. हिंदीत हा भेद नसल्याने हिंदीसाठी केलेल्या कळफलकांवर अर्धा ‘ऱ’ सहजी सापडत नसे. युनिकोडमध्ये तो दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिता येतो. दोन्ही पडद्यावर सारख्या दिसतात, परंतु एका पद्धतीने शोध घेतल्यास दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला शब्द सापडेलच असे नाही. ‘ॲ’ ह्या स्वराची कथाही अशीच आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये (युनिकोड ५.१) मिळाला. तोपर्यंत ‘अ’वर चंद्र देऊन काम भागविले जाई, आणि तशी लिहिलेली पाने अद्यापि महाजालावर आहेत. ग्रंथसूचीत ‘ॲरिस्टॉटल’ शोधणाऱ्या वाचकाला पुस्तक मिळत नाही, ते ग्रंथालयात नसल्यामुळे नव्हे, तर सूचिकाराने तो स्वर दुसऱ्या रीतीने टंकित केल्यामुळे, असे घडू शकते. किरकोळ वाटणाऱ्या अशा बाबींवर संशोधकांचे दिवस खर्ची पडतात.

जुन्या ग्रंथांच्या बाबतीत प्रथम हाती घेतले गेले ते चित्ररूप अंकीकरण. कार्नेगी मेलन विद्यापीठातील राज रेड्डी ह्यांच्या दशलक्ष ग्रंथांच्या प्रकल्पातून, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहभागाने, ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ उभी राहिली. तीत मराठी ग्रंथांचाही समावेश होता. काम प्रचंड झाले, पण नोंदी घाईने झाल्या : ग्रंथनामे रोमन लिपीत, तीही हव्या त्या वर्णविन्यासाने, काही प्रतींत पाने गळालेली, काहींत पुनरावृत्त. पुढे स्वामित्वहक्काच्या प्रश्नावरून हा संग्रह लोकांस बंद झाला. मात्र तत्पूर्वी त्यातील बराचसा भाग अमेरिकेतील इंटरनेट आर्काइव्ह ह्या संग्रहात उतरविला गेला होता आणि मराठी अभ्यासकांना तो आज तेथून मिळतो. राज्य शासनाच्या बाजूने राज्य मराठी विकास संस्थेने (स्थापना १ मे १९९२) दुर्मिळ ग्रंथ व नियतकालिके ह्यांच्या चित्रप्रती उपलब्ध करून दिल्या.

एकुलत्या एक प्रतीवर विसंबण्यातील धोका पुण्याला ५ जानेवारी २००४ रोजी कळून आला. त्या दिवशी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर (स्थापना १९१७) जमावाने हल्ला करून ग्रंथ व हस्तलिखिते ह्यांची नासधूस केली. त्यानंतर हस्तलिखितांच्या अंकीय प्रती करून ठेवण्याच्या कामाची निकड सर्वांनाच पटली. ह्याच संस्थेने १९१९ ते १९६६ ह्या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती मात्र त्यापूर्वीच वेगळ्या मार्गाने संगणकात गेली होती. जपानमधील क्योटो येथील मुनेओ तोकुनागा ह्यांनी तिची संहिता अक्षरशः टंकित केली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ ह्यांनी ती तपासून शुद्ध केली. हे चित्र नव्हे; ही शोधक्षम संहिता होय. मराठीतही असे उदाहरण आहे : मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७), दाते-कर्वे प्रभृतींचा महाराष्ट्र शब्दकोश आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाऊस ह्यांचा प्राचीन मराठीचा कोश शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई अंकीय कोशांच्या प्रकल्पात शब्दशः टंकित स्वरूपात आहेत. एखादा शब्द क्षणार्धात सापडावा अशी ही सोय. पुण्यात छापलेल्या कोशाची ती शिकागोत व्हावी, ह्यात वैषम्य वाटण्यासारखे काही असेल, तर ते अंतराचे नसून दिरंगाईचे आहे.

चित्रातून मजकूर काढण्याचे यांत्रिक साधन, म्हणजे ‘ओसीआर’, मराठीसाठी बरेच उशिरा उपयोगी ठरले. अलीकडे त्यात मोठी प्रगती झाली असून स्वच्छ छपाईच्या पानांचे ते चांगले वाचन करते. शिळाप्रेसवरील पुस्तके, मोडी लिपीतील कागद आणि झिजलेल्या खिळ्यांची छपाई ह्यांपुढे ते अद्यापि अडखळते. विकिस्रोत ह्या मुक्त ग्रंथसंग्रहात स्वयंसेवक यंत्राने वाचलेले पान मूळ चित्राशी ताडून दुरुस्त करतात. म्हणजे जुळारी गेला, तरी मुद्रितशोधक राहिलाच.

कोणते ग्रंथ अंकीय रूपात मोकळेपणाने देता येतात, ह्याची मर्यादा कायद्याने घातली आहे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे हक्क टिकत असे. १९९२ मध्ये ही मुदत ६० वर्षे करण्यात आली. साने गुरुजींचे ११ जून १९५० रोजी निधन झाले. त्यामुळे त्यांचे वाङ्मय १ जानेवारी २०११ पासून सर्वांस खुले झाले आणि महाजालावर त्याच्या अनेक प्रती दिसू लागल्या. वि. स. खांडेकर (मृत्यू १९७६) ह्यांच्या बाबतीत हा योग २०३७ च्या आरंभी यावयाचा आहे. लोकप्रिय लेखकांची पुस्तके तोपर्यंत दुकानांत मिळत राहतील, त्यांचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील लेखकांचा. १९४० ते १९९० ह्या काळातील कथासंग्रह, चरित्रे, स्थानिक इतिहास, विज्ञानविषयक छोटी पुस्तके, बंद पडलेली मासिके व दिवाळी अंक पुन्हा छापले जात नाहीत. हक्कदार कोण ह्याचा पत्ता लागत नाही. आणि मुक्त संग्रहात ते ठेवता येत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील पुस्तक आज घरबसल्या वाचता येते, चालू वर्षीचे विकत घेता येते, परंतु आजोबांच्या तरुणपणी गाजलेले पुस्तक बहुधा एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटातच असते, आणि त्याचा कागद पिवळा पडून मोडू लागलेला असतो. अधिनियमातील २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट ठेवली आहे : ज्या बिगर-व्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या ग्रंथाची छापील प्रत आहे, त्याला जतनासाठी त्याची अंकीय प्रत करून ठेवता येते. अर्थात हा अधिकार ग्रंथ राखून ठेवणाऱ्यासच आहे. रद्दीत गेलेल्या पुस्तकाला त्याचा उपयोग नाही.

त्यामुळे ग्रंथालयांच्या स्थितीला अंकीय काळात उलट अधिकच महत्त्व आले आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे : रत्नागिरीचे १८२८ चे, लोकहितवादींच्या (१८२३–९२) पुढाकाराने पुण्यात निघालेले १८४८ चे (आजचे पुणे नगर वाचन मंदिर), ठाण्याचे १८९३ चे आणि मुंबईचे १८९८ चे मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्यांतील ठळक होत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला. अ, ब, क, ड वर्गांतील ग्रंथालयांना अनुदान देण्याची पद्धत त्यावर आधारलेल्या नियमांनी घालून दिली. राज्यातील मान्यताप्राप्त ग्रंथालयांची संख्या १२,००० हून अधिक झाली. हे वर्ग ग्रंथसंख्या, नियतकालिके, वर्गणीदार इत्यादी मोजता येणाऱ्या गोष्टींवर ठरतात. एका लहान गावच्या वाचनालयातील एखादा दुर्मिळ ग्रंथ आणि कुठेही मिळणारी कादंबरी ह्या मोजणीत सारख्याच. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आणि मुक्त स्वरूपाची ‘कोहा’ ह्या आज्ञावलींमुळे सूच्या संगणकावर येऊ लागल्या. तथापि सर्व ग्रंथालयांची एकत्रित मराठी सूची तयार झाल्याखेरीज कोणता ग्रंथ राज्यात एकाच ठिकाणी उरला आहे, हे कळणे कठीण आहे.

पुण्यातील जुनी ग्रंथालये व पुस्तकांची दुकाने पेठांत, लक्ष्मी रस्त्यावर व डेक्कन जिमखान्याच्या परिसरात आहेत. शहर मात्र तेथे थांबले नाही. पानशेतच्या पुरानंतर (१२ जुलै १९६१) वस्ती दक्षिणेकडेही झपाट्याने वाढली, आणि बिबवेवाडीसारखी गावे उपनगरे बनली. बिबवेवाडी हे ह्या बदलाचे बोलके उदाहरण होय. पेठांपासून चारपाच किमी. अंतरावरील हे एके काळचे शेतीचे गाव; शेजारी गुलटेकडीचा बाजार आला, सोसायट्या उठल्या, टेकडीच्या कडेने अप्पर इंदिरानगरची दाट वस्ती पसरली. विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वसंतदादा पाटील ह्यांच्या शासनाने परवानगी दिली, त्याच १९८३ साली येथे विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. म्हणजे ह्या उपनगरात शतकाची परंपरा असलेले वाचनालय येण्याआधी संगणक शिकविणारे महाविद्यालय आले. लगतच्या शिवदर्शन भागात पुणे महानगरपालिकेने राजीव गांधी अकादमी ऑफ ई-लर्निंग ही शाळा काढली. अशा उपनगरांत वाचनासाठी जागा मागितली जाते ती मुख्यतः अभ्यासिकेच्या रूपाने : स्पर्धापरीक्षांची तयारी करणारी मुले आपली पुस्तके व भ्रमणध्वनी घेऊन येतात आणि त्यांना हवे असते ते टेबल, दिवा व शांतता. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला ह्या तीन गोष्टी कोणतेही तंत्रज्ञान पुरवू शकत नाही. ग्रंथांची देवघेव करणारे वाचनालय आणि बसण्यास जागा देणारी अभ्यासिका ही कार्ये अशा रीतीने एकमेकांपासून विलग झाली. जुन्या वाचनालयांत ती एकाच छपराखाली होती, आणि परीक्षेसाठी आलेल्या मुलाच्या हाती अवांतर पुस्तक पडण्याचा संभव तेथे अधिक असे.

शालेय शिक्षणात अंकीय साधनांचा प्रवेश पाठ्यपुस्तकातून झाला. बालभारतीने (स्थापना पुणे, १९६७) आपली पाठ्यपुस्तके महाजालावर विनामूल्य ठेवली. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर चिन्हे छापून त्यांद्वारे ध्वनी, चित्रफिती व प्रश्न जोडण्याची रीत रूढ केली. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला. प्रौढांत संगणक-साक्षरता पसरविण्याचे काम महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या (२००१) एमएस-सीआयटी ह्या अभ्यासक्रमाने केले. ह्या सर्वांची कसोटी २०२० मध्ये लागली. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, शाळा व ग्रंथालये बंद पडली आणि शिकविणे भ्रमणध्वनीवर आले. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७–१८) देशातील नागरी कुटुंबांपैकी सु. ४२ टक्के आणि ग्रामीण कुटुंबांपैकी सु. १५ टक्के कुटुंबांनाच महाजालाची सोय होती. जेथे ती होती, तेथेही एकाच भ्रमणध्वनीवर दोन-तीन भावंडे आणि कामावर जाणारे वडील ह्यांचा हक्क असे. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका ह्याच अडचणीचा परिणाम होय. सर्वांत नव्या साधनाने जे जमेना, ते दूरचित्रवाणी ह्या जुन्या साधनावर सोपवावे लागले. राज्यातील ग्रंथालये १५ ऑक्टोबर २०२० रोजी, वाचन प्रेरणा दिनी, उघडण्यास परवानगी मिळाली. मधल्या सहासात महिन्यांत अनेक वर्गणीदार तुटले.

प्रत्यक्ष वाचनातही बदल झाला. पुण्याच्या बुकगंगा ह्या संकेतस्थळाने मराठी ई-पुस्तके विक्रीस आणली. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस आली. २०१७ मध्ये स्टोरीटेल आल्यावर पुस्तके ऐकण्याची प्रथा फोफावली. ऐकणे हे वाचन मानावे काय, असा वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. ज्या समाजाने आपले अभिजात वाङ्मय कीर्तनातून व पोथीच्या सामूहिक श्रवणातून राखले, त्याला ही रीत परकी नव्हे. दृष्टिहीनांच्या बाबतीत तर हा बदल मूलगामी ठरला. २०१२ च्या दुरुस्तीनुसार त्यांच्यासाठी सुलभ प्रत करण्यास हक्कदाराची परवानगी लागत नाही, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयातून अशा प्रती मिळतात. पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी आज्ञावली केवळ संकेतबद्ध अक्षरेच वाचते. चित्रप्रतीपुढे आणि जुन्या टंकातील धारिकेपुढे ती निरुपयोगी असते. दृष्टिहीन वाचकाला मराठी ग्रंथांच्या अंकीकरणाची खरी अवस्था इतरांपेक्षा आधी कळते, ती यामुळे.

नव्या ग्रंथांच्या नोंदीचा प्रश्न अद्यापि सुटलेला नाही. शं. ग. दाते ह्यांनी १८०० ते १९३७ व पुढे १९३८ ते १९५० ह्या काळातील मराठी ग्रंथांची सूची दोन खंडांत सिद्ध केली (१९४३ व १९६१). १८६७ च्या मुद्रणविषयक कायद्यान्वये छापखान्यांना प्रती सादर कराव्या लागत व शासन त्यांच्या त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करी. ह्या कायद्याची जागा २०२३ च्या नव्या अधिनियमाने घेतली असून पुस्तके त्याच्या कक्षेतून वगळली गेली आहेत. ग्रंथ व वृत्तपत्रे सार्वजनिक ग्रंथालयांना देण्यासंबंधीचा १९५४ चा अधिनियम शिल्लक आहे. त्यानुसार प्रकाशकाने कलकत्ता, मुंबई, मद्रास (चेन्नई) व दिल्ली येथील चार ग्रंथालयांना प्रत पाठवावयाची असते. त्यातील ‘ग्रंथ’ ह्या संज्ञेची व्याख्या मुद्रित आणि शिलामुद्रित वस्तूंना धरून आहे. शिळाप्रेसवरील पुस्तक तीत बसते. केवळ पडद्यावर प्रसिद्ध झालेले मराठी पुस्तक बसत नाही.